माथ्यावर श्री नसलेला कागद

॥ श्री ॥   ॥ श्री ॥   ॥ श्री ॥

रत्नागिरी,
बुधवार, ता. ३ मे १९८९

तीर्थरूप दत्ताकाकांस,
विश्रामचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या माथ्यावर तीन वेळा श्री पाहून तुमच्या कपाळावर तीन आठ्या पडल्या असतील, दर श्रीला एक. पडू द्या. ज्या माणसाने चाळीस वर्षे शाळेत मुलांच्या वह्यांवरचे श्री लाल शाईने खोडले, त्याला सख्ख्या पुतण्याने असे पत्र लिहावे हे वाईटच. पण गेल्या आठवड्यात श्रीवाचून एका कागदाचे काय होऊ शकते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हापासून धोब्याला द्यायच्या कपड्यांच्या यादीवरसुद्धा मी श्री लिहितो.

तुमची प्रकृती कशी आहे? हे मी रिवाज म्हणून विचारत नाही, खरोखरच विचारतो आहे. चालणे नियमित आहे ना? दुपारी आतल्या खोलीत आडवे पडता की ओटीवर बसता? बसत असाल तर रस्त्यावरून नीट दिसता का? (प्रश्न विचित्र वाटेल. उत्तर शेवटी येईल, आणि तेही विचित्रच वाटेल.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे घरातली मंडळी खुशाल आहेत आणि मी फेऱ्या मारतो आहे. एवढ्या चार ओळी लिहिताना दोनदा उठून छापखान्याच्या दारापर्यंत जाऊन आलो. बाहेर उन्हात आंब्याच्या पेट्या भरलेला एक ट्रक उभा आहे, बाकी काही नाही. काही असेल अशी अपेक्षाही नव्हती, पण बसवत नाही.

मूळ गोष्ट अशी, की आपला गुणाजी गेले बारा दिवस कामावर नाही. तुम्ही त्याला रात्रीच्या वर्गात अक्षरओळख करून दिलीत आणि आमच्या वडिलांच्या हाती सोपवलेत, त्याला छत्तीस वर्षे झाली. या छत्तीस वर्षांत तो फक्त दोनदा रजेवर गेला, एकदा स्वतःच्या लग्नाला आणि एकदा मुलीच्या. आता तो गुहागरकडे त्या मुलीच्या घरी जाऊन बसला आहे, आणि खिळ्यांच्या कपाटाची किल्ली त्याच्या करगोट्याला आहे. म्हणजे छापखान्यातली सगळी अक्षरे, काना, मात्रा, अनुस्वार धरून, सध्या गुहागर तालुक्यात समुद्रावर आंघोळीला जातात. आणि रविवार, एकवीस तारखेला तुमचा पंचाहत्तरीचा सत्कार. त्याची तीनशे निमंत्रणे मी छापून द्यायची आहेत. आज तीन तारीख. कपाट कुलूपबंद. कुलूप फोडा असे सगळे सांगतात, पण कुलूप फोडल्यावर खिळे जुळवणार कोण? मला अजून ‘ध’ आणि ‘घ’ चे खण शोधायला चष्मा पुसावा लागतो.

तो का गेला हे सांगायचे तर कॉम्प्युटरपासून सुरुवात करावी लागते. फाल्गुनात मी तो आणला हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही लिहिले होते, ‘विज्ञानाचे स्वागत असो.’ ते पोस्टकार्ड मी यंत्राच्या वरच भिंतीला लावले होते. सध्या काढून ठेवले आहे.) मुंबईच्या एका कचेरीने टाकून दिलेला, पण देवनागरी लिहिणारा. त्याला दोन प्रिंटर जोडलेले, ठिपक्याठिपक्यांनी छापणारे. छापताना आवाज असा, की शेजारच्या दवाखान्यातले दाढदुखीचे पेशंट ड्रिल सुरू झाले म्हणून उठून जातात. एका प्रिंटरवर गुलाबी कार्डांची माळ, वर गणपती आधीच छापलेला. दुसऱ्यावर काळ्या चौकटीची कार्डे. आपल्या गावचा छापखाना चालतो तो याच दोन पायांवर. लोक लग्न करतात आणि मरतात. मधल्या काळात कोणाला काही छापावेसे वाटत नाही. नोटिसा वगैरे साध्या मजकुरासाठी पहिल्याच प्रिंटरची माळ काढून पांढरा कागद लावायचा. यंत्राला उकडते म्हणून छापखान्यातला एकुलता एक पंखा त्याच्याकडे तोंड करून असतो. आम्ही माणसे घामाने निथळतो.

यंत्र बसवायला आलेले मुंबईचे साहेब म्हणाले, ‘‘याला कागद म्हणजे कागद. कुठला लग्नाचा, कुठला मयताचा, ते तुम्ही शिकवायचं.’’ त्यांनी यंत्रात एक तक्ता उघडून दिला. डावीकडे खूण लिहायची, उजवीकडे ती खूण सापडल्यास काय करायचे ते: कोणता प्रिंटर, मजकुराच्या आधी कोणते ठरलेले वाक्य, शेवटी कोणते. यंत्र तक्ता वरून खाली वाचत येते आणि जी खूण पहिली जुळेल तिथेच थांबते. तळाला एक ओळ असते, ‘काहीच न जुळल्यास’. ती रिकामी ठेवता येत नाही. साहेब चहा पिऊन दुपारच्या गाडीने गेले, आणि मनुष्यजातीच्या सुखदुःखाची विभागणी माझ्यावर आली.

पहिला तक्ता मी नावांवरून केला. टायपिंगला राही नावाची मुलगी ठेवली आहे, गुहागरचीच, बोटांनी जलद आणि जिभेने त्याहून जलद. तिला सांगितले, प्रत्येक फाइलच्या नावामागे तीन अक्षरे लावायची, त्यावरून यंत्र ओळखेल. संध्याकाळी पाहतो तो सतरा फाइली आणि सतरांच्याही मागे ‘काम’. मी म्हटले, ‘‘अगं, हे काय?’’ तर म्हणाली, ‘‘कामंच आहेत ना सगळी? मजा म्हणून कोण टाइप करतंय?’’

म्हणून दुसरा तक्ता, शब्दांवरून. मजकुरात ‘कै.’ आले की मयत. कैलासवासी झाल्याखेरीज माणसामागे ते लागत नाही, तेव्हा खूण पक्की. पहिलीच पत्रिका आली सावंतांच्या नातवाच्या लग्नाची. आता काका, आपल्या पत्रिका तुम्हाला ठाऊक आहेत. नवरदेवाचे नाव येईपर्यंत वर कै. पणजोबा, कै. आजोबा, कै. थोरले चुलते, आणि तळाला निमंत्रकांत पुन्हा दोन-तीन कैलासवासी, जिवंतांपेक्षा अधिक आग्रहाने बोलावणारे. यंत्राने सहा ‘कै.’ मोजले आणि काळ्या चौकटीत ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ छापून पुढे वधूवरांची नावे घातली. (अनुभवी माणसाला यात खोटे काही आढळणार नाही, पण गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखे नव्हते.) गुणाजीने पहिलेच कार्ड उचलले आणि प्रिंटरचे बटण बंद केले. तंबाखू मळत माझ्याकडे असा पाहत राहिला, जसा शाळेत तुम्ही गणित चुकल्यावर पाहायचात. मला बोलणे सोसते, हे पाहणे सोसत नाही.

तिसरा तक्ता सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो. आपल्याकडे शुभ कागदाच्या माथ्यावर श्री असतो. सुतकाच्या कागदावर नसतो. कार्ड हातात आले, माथा मोकळा दिसला, की घरातली बाई आत न नेता उंबऱ्यावरच वाचून फाडून टाकते. पिढ्यान्‌पिढ्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांनीही जी खूण ओळखली ती यंत्राला ओळखता येऊ नये? मी लिहिले: माथ्यावर श्री, तर गुलाबी. माथ्यावर जावक क्रमांक, तर सरकारी, पांढरा साधा कागद. आणि तळाची ओळ, ‘काहीच न जुळल्यास’? सुतकाच्या कागदाला स्वतःची अशी खूण नाही. काही नसणे हीच त्याची खूण. म्हणून तिथे लिहिले: दुःखद. थोडक्यात, ज्याच्या माथ्यावर काही नाही तो गेला, असे मी यंत्राला स्वतःच्या हाताने लिहून दिले. जपून ठेवावा म्हणून तो तक्ता छापायला टाकला, तर तोच काळ्या चौकटीत बाहेर आला: ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, माथ्यावर श्री, तर गुलाबी.’ राही हसून हसून खुर्चीवरून खाली बसली. मी मात्र यंत्र नियम किती काटेकोर पाळते म्हणून कौतुक केले.

आणि आठ दिवस खरेच चोख चालले. नाही म्हणायला मच्छीमार सोसायटीचे चेअरमन हरिश्चंद्रशेठ यांची नोटीस. ‘ज्या सभासदांनी नौकांची नोंदणी केली नाही त्यांनी सभेस हजर राहावे, अन्यथा कारवाई करण्यात येईल.’ शेठ देवभोळे, कारवाईच्याही डोक्यावर श्री घालतात. ती गुलाबी कार्डावर, गणपतीखाली गेली. शेवटी, ‘तरी आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन शोभा वाढवावी. कृपया आहेर आणू नयेत.’ मी दोन दिवस बंदराकडच्या रस्त्याने गेलो नाही. तिसऱ्या दिवशी शेठच आले. ‘‘मालक, सोसायटी निघाल्यापासनं एवढी माणसं सभेला कधी आली न्हाईत! बायका नटून आल्या. नोंदणी सगळ्यांची झाली. पुढली नोटीसपण गुलाबीच काढा.’’ अशाने माणूस बिघडतो.

बिघडलो. वीस एप्रिलला, गुरुवारी, छापखान्यात चार माणसे जमली होती, त्यांच्यासमोर मी गुणाजीला म्हटले, ‘‘गुणाजीदा, दहा कागद तुम्हाला, तेच दहा यंत्राला. बघू कोण आधी वेगळे करतो.’’ यंत्राने दहाही लावले. गुणाजीने नऊ लावले आणि दहावा हातात धरून उभा राहिला. मी विचारले, ‘‘काय झालं? श्री दिसत नाही?’’ तो म्हणाला, ‘‘श्री दिसतो, धाकलं मालक. कागद लग्नाचा हाय. पन ह्यां लगीन व्हनार न्हाय. हा पोरीच्या बापसाच्या हातचा कागद, आनि पोराच्या घरचं एक नाव त्याला धड लिवता आलेलं न्हाय. ठेवा दोन दिस.’’ सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता माझ्या तोंडून गेले, ‘‘गुणाजीदा, आता तुम्ही नुसते बसा. ज्योतिषाची पाटी रंगवून देतो.’’

काका, माझी जीभ तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. तिच्यावर कोळसा ठेवायला हवा होता असे तुम्हीच म्हणायचात. गुणाजीने हातातला कागद टेबलावर सरळ ठेवला, कोपरे जुळवून. शाईचा पंचा धुतला, खुंटीवर वाळत घातला, पिशवी उचलली आणि गेला. चार वाजता. छत्तीस वर्षांत सहाच्या आत तो कधी गेला नव्हता. पंचा अजून तिथेच आहे. वाळून लाकडासारखा ताठ झाला आहे, पण काढायचा कोणाला धीर होत नाही. ते लग्न रविवारी मोडले. चारशे गुलाबी कार्डे यंत्राने तोवर छापून ठेवली होती, एकही चूक नसलेली.

मी त्याला चार पत्रे टाकली. पहिले हुकमाचे, दुसरे विनंतीचे, तिसऱ्यात नुसता पंच्याचा मजकूर, चौथे कोरेच गेले असावे असे वाटते. लिहिता लिहिता उठलो होतो. उत्तर नाही. राहीचा भाऊ तिकडून आला, त्याच्याकरवी निरोप मिळाला: ‘बसा म्हनालात, बसलोय.’

अशात तुमच्या सत्कार समितीचा मजकूर आला. समितीने लिहिलेला आणि तुम्ही सुधारलेला. माथ्यावरचा श्री तुम्ही लाल शाईने खोडलात. ‘ईश्वरकृपेने’ खोडून ‘नियमित चालण्यामुळे’ केलेत. (दुरुस्ती योग्यच. तुम्ही चाललात हे गावाने पाहिले आहे, कृपा कोणी पाहिलेली नाही.) गुणाजी असता तर त्याने लाल शाई पाहूनच म्हटले असते, ‘‘ह्यो आपल्या गुर्जींचा कागद,’’ आणि पुढचा प्रश्न उद्‌भवला नसता. राहीने जसा होता तसा टाइप केला. माथा मोकळा. यंत्राने तक्ता वरून खाली वाचला. श्री? नाही. जावक क्रमांक? नाही. तळाची ओळ. मी पोस्टात गेलो होतो. परत येईतो तीनशेही कार्डे तयार. त्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवतो, म्हणजे माझ्या पदरचे अधिकउणे नको:

‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे गुरुवर्य दत्ताराम शिगवण यांना नियमित चालण्यामुळे रविवार ता. २१ मे रोजी पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त त्यांचा शाल देऊन सत्कार करण्याचे योजिले आहे. चहापानाची व्यवस्था केली आहे. मृतात्म्यास शांती लाभो. शोकाकुल: सत्कार समिती, सावर्डे.’

घाबरू नका. कार्डे टपालात पडलेली नाहीत; गठ्ठा बांधून माझ्या टेबलाखाली ठेवला आहे आणि मी त्यावर पाय ठेवून बसतो. राहीने पहिलेच वाचले होते, पण तिला वाटले सत्कार असेच करतात. तळाची ओळ मी आता बदलली आहे. ‘काहीच न जुळल्यास: थांब आणि गुणाजीला विचार.’ यंत्र पहिला अर्धा भाग पाळते. कालपासून श्री नसलेला कागद दिला की ते थांबून राहते, आणि आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत बसतो.

तुमची निमंत्रणे हाताने, खिळे जुळवून, तुमच्या शाईप्रमाणे श्रीवाचून छापली जावीत अशी माझी इच्छा आहे. ते करणारा माणूस एकच. सौ. हौसा नमस्कार सांगते. चालणे सोडू नये.

आपला आज्ञाधारक (जिभेपुरता नव्हे),
विश्राम

ता. क. हे पत्र टपालाने येणार नाही. चिपळूण गाडीचा कंडक्टर काशीराम याच्या हाती देतो आहे. तो सावर्ड्याला गाडी थांबवून स्वतः उतरून देईल. आज संध्याकाळीच ते तुम्हाला मिळणे फार जरुरीचे आहे. का, ते खाली.

दुसरा ता. क. वर कार्डे टेबलाखाली आहेत असे लिहिले ते खरे आहे. मात्र राहीने आत्ता मोजली, ती दोनशे नव्व्याण्णव भरली. तिने माझ्याकडे पाहिले. तिलाही ते पाहणे जमू लागले आहे. तीनशेवे कार्ड काल मंगळवारी दुपारी मी स्वतः गुणाजीच्या पत्त्यावर टाकले. पत्ता डाव्या हाताने लिहिला. काका, चार पत्रांना तो हलला नाही. या जगात तो एकाच माणसासाठी उठेल हे मला ठाऊक होते. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज झाला आणि तेव्हापासून मी धड बसलेलो नाही. आधी पेटीत हात घालून पाहिला, आत जात नाही. मग पेटी उघडणाऱ्या पोस्टमनची वाट पाहिली. त्याने एकदा टाकलेले परत देता येत नाही असा नियम दाखवला. यंत्राच्या तक्त्यापेक्षा वाईट तक्ते माणसांकडे असतात.

गुणाजी पुढचा मजकूर वाचायचा नाही. काळी चौकट आणि तुमचे नाव दिसले की तो कार्ड उंबऱ्यावर फाडील आणि पायात वहाणा घालील. उद्या नाही तर परवा, गुहागरहून चिपळूण, तिथून तुमच्याकडे. अडुसष्ट वर्षांचा आहे. माझी हात जोडून विनंती एवढीच, की उद्या सकाळपासून तुम्ही ओटीवर बसा. आडवे पडू नका, डोळे मिटू नका, अंगावर पांढरे पांघरूण तर मुळीच घेऊ नका. रस्त्यावरून दिसाल असे बसा आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, म्हणजे फाटकापाशी येण्याआधीच त्याच्या कानावर तुमचा आवाज पडेल. आला की आधी पाणी द्या, मग शिव्या. माझ्या वाटच्या तुम्ही घाला, उरलेल्या तो घालील. आणि परतीच्या गाडीत त्याला बसवून इकडे पाठवा. पंचा मी भिजत घालतो आहे.

तिसरा ता. क. कार्ड मी टाकले हे त्याला सांगू नका. यंत्राची चूक झाली, असे म्हणा. तो विश्वास ठेवील. यंत्राबद्दल काहीही वाईट ऐकायला तो तयार असतो. आणि ठेवला नाही, हसला, आणि ‘‘पत्ता डाव्या हातानं लिवलाय धाकल्या मालकानं’’ असे म्हणाला, तर समजा राग गेला. तेवढे मात्र मला काशीरामकरवी लगेच कळवा, म्हणजे मी बसेन.